मेला तर रडणार कोण?

राक्षस असो, चेटकीण असो नाहीतर सात तोंडांचा नाग असो, बाई त्याला एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसे. "हा मेला तर रडणार कोण?" उत्तर नसेल तर राक्षस परत. मग त्याच्या तोंडातून जाळ निघो की धूर. मी टूबला कानस मारता मारता ऐकायचो आणि म्हणायचो, "राक्षसासाठी कोण रडतंय गं? गाव पेढे वाटंल." ती चष्म्यावरून बघायची. "त्याला माय असंल का न्हाई? का झाडाला लागलाय त्यो?"

बाई म्हणजे माझी बायको. अंगणवाडीत तिचा जन्म गेला. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणू लागलो. ज्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे ते तुम्ही लोक, फोनवर गोष्टींचा खेळ खेळणारे, तुम्हीही तिला बाईच म्हणत होता. तुमच्यातल्या एकानेही तिला पाहिलं नव्हतं. तुमच्या मंडळींनी माझ्या लेकीला, रेखाला, सांगितलं की पुस्तकासाठी आईवर चार पानं लिहून दे. रेखा म्हणाली, "आप्पा, तुमीच लिवा." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मांजरसुंब्याच्या फाट्यावर पंक्चर काढण्यात हयात गेली. मी लिहिलेलं रेखाने शुद्ध केलं आहे, पण त्यातलं काही गाळायचं नाही असं तिला बजावलं आहे. यात माझी एक चूक आहे. तीसुद्धा राहू द्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना मला समजला तेवढा सांगतो. चारपाच जण जमतात, हल्ली आपापल्या घरी फोन धरून. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी शिपाई, कुणी वैदू, कुणी चोर. अडलं की फासा टाकायचा आणि फासा म्हणेल ते मानायचं. गोष्टीतली गावं, माणसं, भुतं लोक स्वतः रचून पाठवतात. ती सगळ्यांना वापरायला खुली करण्याआधी कुणीतरी वाचून बघावी लागतात. रेखा पुण्यात हा खेळ खेळायची. मराठीतलं वाचायला माणूस मिळेना तेव्हा ती आईला म्हणाली, "तू पोरांच्या पाट्या तपासल्यास, हेबी तपास." बाई तेव्हा नुकतीच घरी बसली होती. हात रिकामे झाले होते, ते तिला सोसत नव्हतं. ती हो म्हणाली.

मला पहिल्यांदा वाटलं, बाईला जुगाराचा नाद लागला. तिच्या फोनवर मी फासा गरगरताना पाहिला. मी तिथंच तोंड सोडलं. "म्हातारपणी हेच राहिलं होतं का? गावाची लेकरं सुधारलीस, आता सोता बिघड." तिनं शांतपणे सांगितलं, "अहो, ह्यात पैसा न्हाई. फासा पडला की कोण वाचतं न् कोण मरतं तेवढंच ठरतं." मी म्हणालो, "मग जुगार बरा." त्यावर ती इतकी हसली की दुकानात हवा भरायला आलेला ट्रकवाला गाडीतून उतरून बघायला आला.

आमचं दुकान पुढं आणि घर मागं. मधलं दार कायम उघडं. ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि आलेलं सगळं मोठ्यानं वाचायची. मनात वाचलं तर चूक लपते, असं तिचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "तुला कळतं कसं कुठं चुकलंय ते?" तिनं माझ्या घमेल्याकडं बोट केलं. "तुमी टूब पाण्यात बुडवताव ना? मी गोष्ट बुडवते. जिथनं बुडबुडे येतेत तिथं भोक." मला तिचं काम त्या दिवशी समजलं. तोवर मी ते रिकामपणचं समजत होतो.

परत पाठवायची तिची रीत ठरलेली होती. वाचल्या वाचल्या कधी परत करायची नाही. आधी चहा ठेवायचा, तो पिऊन व्हायचा, मग लिहायचं. पहिली ओळ चांगल्याचीच. "तुमच्या नागाचा फूत्कार मला इथं ऐकू आला." त्यानंतर खोट. खोट एकच सांगायची, दोन असल्या तरी. दुसरी पुढच्या खेपेला. मी म्हणायचो, "कावून चिवडत बसतीस? एका दमात सांग की समदं." ती म्हणायची, "तुमी एका टूबला दोन पंक्चर हायत म्हणलं की गिऱ्हाईक काय म्हणतं?" गिऱ्हाईक म्हणतं, टाकून द्या. तिचं बरोबर होतं.

रडणाराच्या प्रश्नाआधी तिचा आणखी एक प्रश्न असायचा. गाव कसलंही असो, "पाणी कुठंय?" कुणीतरी सोन्याच्या मनोऱ्यांचं नगर पाठवलं होतं. हत्ती, घोडे, राणीमहाल, सगळं. बाईनं लिहिलं, "नगर देखणं आहे. पण राजा पाणी कुठलं पितो? टँकर येतो का?" आठ दिवसांनी तेच नगर पुन्हा आलं. आता त्यात दोन राक्षस रोज सकाळी टँकर ओढत आणत होते आणि बायका घागरी घेऊन राक्षसांशी भांडत होत्या. बाईनं ते मंजूर केलं आणि मला म्हणाली, "आता कुठं गाव झालं." तुमच्यापैकी ज्यानं ते लिहिलं त्याला सांगतो, ते वाचून मीही हसलो होतो. आमच्या वस्तीवरचा टँकर आणि त्यावरची भांडणं तू कधी पाहिलीस बाबा?

ती स्वभावानं गरीब होती असं समजू नका. एकदा कुणी मेंढपाळांची वस्ती रचून पाठवली. त्यात जन्मल्यापासून सगळेच चोर. बाईचं माहेर नांदूरघाटकडचं, तिचा बाप मेंढरं राखायचा. तिनं ते दोनदा वाचलं. चहा ठेवला नाही. सांजच्याला म्हणाली, "आज एक कायमचं बाद केलं." जेवली नाही. मी म्हणालो, "बाद केलंस ना, मग तू का उपाशी?" म्हणाली, "माणूस दारातून हाकलून दिलं की घास जात न्हाई." कोणतं बटण दाबलं ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

रडणाराचा प्रश्नही तिनं माहेराहूनच आणला होता. तिचा बाप मेंढरं मोजत नसे, कान देऊन ऐकत असे. कळप मुक्कामाला आला की एखादी मेंढी ओरडत राहायची. तिचं कोकरू मागं राहिलं म्हणून समजायचं आणि माणूस मागं धाडायचा. एका साली एका कोकराची माय मेली. ते मागं राहिलं तेव्हा ओरडणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडलं ते कुत्र्यांनी ओढलेलं. बाप तिला म्हणाला, "इथून पुढं बिनमायच्या कोकरासाठी तू वरडायचं." तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. ही गोष्ट तिनं मला लग्नानंतर फार वर्षांनी सांगितली. तुम्हाला कधीच सांगितली नसणार. तुम्हाला वाटलं असेल, खेळाचा नियम आहे. खेळाचा नव्हता, तिचा होता.

तुमच्यात वाटसरू नावाचा कुणीतरी होता. खरं नाव मला माहीत नाही, बाईलाही नव्हतं. त्यानं एक हमाल पाठवला. दुसऱ्यांची ओझी पाठीवर घेऊन डोंगरापलीकडं नेणारा, नाव नसलेला. कमरेला पाण्याचा भोपळा होता, म्हणजे पाण्याची अडचण नव्हती. रडणार कोण, ती जागा मोकळी. बाईनं परत केला. पुन्हा आला, त्यात लिहिलेलं, "कोणी नाही." बाईनं परत केला. "कोणी नाही असं कुणाचं नसतं. नीट आठवा." तिसऱ्यांदा आलं, "त्याची काठी." बाईनं लिहिलं, "काठी रडत नाही, मोडते. परत पाठवते आहे."

आता मी चिडलो. "मंजूर कर की त्याला. कावून छळायलीस? गडी सोता सांगायलाय, कुणी न्हाई म्हणून."

"हमालाचं न्हाई सांगत त्यो."

"मग कुणाचं?"

"तुमी टूब बघा."

चौथ्यांदा आलं तेव्हा त्या जागी दोनच शब्द होते. "विचारू नका."  बाई दोन दिवस फोन मांडीवर घेऊन नुसती बसली. तिसऱ्या दिवशी लिहिलं, ते मला वाचून दाखवलं. "हमाल चालतो कसा ते फार चांगलं लिहिलंय, माझे पाय दुखले. विचारत नाही आता. पण जागा मोकळी ठेवते. सुचलं की भरा. मी इथंच आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांत ती इथं नव्हती, दवाखान्यात होती. पोटात दुखतं म्हणायची, मी ओवा दे, हिंग लाव करत राहिलो. बीडच्या डॉक्टरनं कागद करून मोठ्या शहरात पाठवलं. तिथं कळलं की रोग सगळ्या पोटात पसरला आहे. रेखा रजा काढून तिच्याजवळ राहिली. मी कपडे, चादरी घ्यायला दोन दिवस घरी आलो. निघताना बाई म्हणाली, "फोन घरीच राहिला गडबडीत. रांग लई वाढली असंल. नुस्ती बघून ठेवा, काय करू नका." मी म्हणालो, बरं.

नुसती बघून ठेवली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती. फोन उघडला तर एकाखाली एक नावं, वीस-बावीस असतील. मला वाटलं, बाई येईल तेव्हा एवढा ढीग पाहून हबकेल. निदान खुणा करून ठेवू. प्रत्येकाखाली एक हिरवं आणि एक तांबडं बटण होतं. माझ्या दुकानात काम बाकी असलेल्या टूबवर तांबड्या खडूनं खूण करतात. इथं भोक आहे, टाकू नका, दुरुस्त करायचं आहे, असा त्याचा अर्थ. उभ्या जन्मात मी तांबड्या खुणेची एक टूब फेकलेली नाही. म्हणून मी प्रत्येकापुढं तांबडं दाबलं. मधेमधे फोन काहीतरी विचारत होता, मी हो म्हणत गेलो. सगळं झाल्यावर रांग मोकळी दिसली. मला बरं वाटलं. खुणा करून मी वस्तू फळीवर ठेवल्या होत्या, असंच मी समजलो.

दवाखान्यात पोचलो आणि ऐटीत सांगितलं, "समद्याला तांबडी खूण करून आलो. आता तू आलीस की एकेक घे." बाईनं हात पुढं केला. फोन घेतला, चष्मा लावला. बराच वेळ बोटानं वरखाली करत राहिली. रेखानं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आप्पा, हे कायमचं बाद असतंय. समद्यांना निरोप गेलाय, तुमचं बाद म्हणून."

मला वाटलं, आता बाई बोलेल. शिव्या देईल, निदान चार टोमणे मारेल. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी कसा दिसत होतो कोण जाणे, ती हसली. "तुमी टूबा ठेवल्या न् माणसं फेकली की हो." मग रेखाला म्हणाली, "उशी दे पाठीला."

पुढचे बारा दिवस तिनं त्या लोकांना लिहिण्यात घालवले. सलाईन डाव्या हाताला आणि उजव्या हातानं एकेक अक्षर. माझं नाव तिनं कुणाला सांगितलं नाही. "माझ्या हातून चूक झाली, माफ करा, पुन्हा पाठवा, वाट बघते." डॉक्टर म्हणायचे आराम करा, रेखा म्हणायची मी लिहिते. बाई म्हणायची, "दारातून हाकललेल्याला हाकलणाऱ्यानंच बोलवावं." ते बारा दिवस माझे होते. मला तिच्याशी काही बोलायचं होतं, कधी न बोललेलं. ती फोनवर बोट टेकून धाप लागेपर्यंत लिहीत होती आणि मी कडेला स्टुलावर बसून चूक करणारा माणूस होतो. बोलायला तोंड नव्हतं.

तुम्ही सगळे परत आलात. कुणी लिहिलं, आमचा भुत्या दवाखान्यात भेटायला येतो म्हणतोय. कुणी लिहिलं, बाद केलात ते बरं झालं, आता चांगलं लिहिलंय. ती वाचून दाखवायची, हसताना पोट धरायची. तुमचे उपकार आहेत.

वाटसरू आला नाही. त्या रांगेत त्याचं नाव होतं, पाचव्यांदा. त्यानं काय लिहून पाठवलं होतं ते दिसत नव्हतं, बाद झालेलं पुसलं जातं असंच आम्ही तिघं समजत होतो. बाईनं त्याला तीन वेळा लिहिलं. उत्तर नाही. चौथ्यांदा लिहायला गेली तर फोननं सांगितलं, हा माणूस आता इथं नाही.

दुपारची वेळ होती. रेखा खाली औषधं आणायला गेली होती. बाईनं फोन पालथा ठेवला आणि रडली. आवाज नाही, नुसतं पाणी. रोग कळला तेव्हा ती रडली नव्हती. औषधानं केस गेले तेव्हा, "आता तेलाचा खर्च वाचला," म्हणाली होती. त्या दिवशी मात्र पदर भिजला. म्हणाली, "मी इथंच हाय म्हणलं होतं हो त्याला. त्यो आला न् म्या दार लावलं."

मी म्हणालो, "तू न्हाई. मी लावलं."

"एकच हाय ते," ती म्हणाली. आणि माझा हात धरला. इतक्या वर्षांत चारचौघांत तिनं कधी माझा हात धरला नव्हता. शेजारच्या खाटेवरचे बघत होते.

त्यानंतर नऊ दिवसांनी बाई गेली. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. फोन वाजला की मात्र बोटं हलायची.

दिवस उरकले. रेखा पुण्याला गेली. मी दुकान उघडलं, पण मधलं दार लावून घेतलं. उघडं असलं की कान तिकडं जातात. वाचणारं कुणी नाही. चहा करायचो आणि दोन कपांत ओतायचो, मग एक परत पातेल्यात.

महिन्यानं रेखाचा फोन आला. तुमचा खेळ चालवणाऱ्या मंडळींनी बाईनं लिहिलेले सगळे निरोप गोळा करायला घेतले होते, या पुस्तकासाठी. तेव्हा कळलं की बाद झालेलं पुसलं जात नाही, त्यांच्याकडं आत कुठंतरी पडून राहतं. त्यांना वाटसरूचा पाचवा कागद सापडला. रेखाला तो मोठ्यानं वाचवेना. मी म्हणालो, "वाच की. एवढं काय हाय त्यात?"

सगळा हमाल तोच होता. डोंगर, ओझी, भोपळा. नाव मात्र अजूनही नव्हतं. खाली, मेला तर रडणार कोण, त्या जागेवर लिहिलं होतं: "तपासणाऱ्या बाई. इतक्यांदा दुसऱ्या कुणी विचारलं नाही."

हे तिनं वाचलं नाही. तिच्यासाठीच लिहिलेलं होतं, आणि तिच्या फोनवर येऊन पडलं होतं, आणि मी तांबडं दाबलं. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. त्या दिवशी हायवेला कुणाच्या गाडीचं चाक बसलं असेल तर तो माझ्या दारावरून तसाच गेला असेल.

बाईच्या रीतीप्रमाणे मी चहा केला. पिऊन झाला. मग रेखाला लावला आणि म्हणालो, "त्या मंडळींना विचार, त्यो कागद पुन्हा आईच्या रांगेत ठेवता येतो का." त्यांनी ठेवला. बाईचा फोन माझ्याजवळच आहे, मी रोज चार्जिंगला लावतो. रांगेत एकच नाव होतं.

वाटसरू, तू कुठं आहेस मला ठाऊक नाही. हे पुस्तक तुझ्या हाती पडलं तर म्हणून लिहितो. तुला बाईनं बाद केलं नव्हतं, एका अडाणी म्हाताऱ्यानं केलं. पहिली ओळ चांगल्याची लिहायची असते, ती मला येत नाही, हमाल चांगला चालतो एवढंच म्हणतो. खोट काढायला मी तुझा कागद बुडवून पाहिला. शेवटच्या जागेवर तू जे लिहिलंस ते खरं का खोटं हे फक्त मी सांगू शकतो, कारण तेव्हा बाईजवळ मी एकटाच होतो. तुझा हमाल माझ्या हातून गेला, आणि दवाखान्यात भर दुपारी बाई त्याच्यासाठी रडली. मी डोळ्यानं पाहिलं आहे.

रेखानं दोनदा समजावून सांगितलं, तरी मी तिसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. मग हिरवं दाबलं.